वस्तादचे गुण

कुत्र्याचा विमा उतरवून घरी आले, त्या दिवशी आमच्या ह्यांनी चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "माझा उतरवलायस काय?"

"तुमच्या मापाचा पट्टा न्हाई त्यांच्याकडं," मी म्हटलं. तेवढ्यात वस्ताद नवा पट्टा गळ्यात घालून ह्यांच्या खुर्चीसमोरून ऐटीत गेला.

मी पद्मजा खराडे. कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. गाड्या आपल्या आपण चालायला लागून आता बरीच वर्षं झाली, त्यामुळे तू शिकवतेस तरी कुणाला, असं लोक विचारतात. हौशी लोक असतात. काहीजण अजून पाट्यावर चटणी वाटतात, तसा काहींना आपल्या हातानं गिअर टाकायचा असतो. त्यांच्या जिवावर माझी जुनी, दोन्हीकडे ब्रेक असलेली शिकाऊ गाडी चालते, आणि त्या गाडीच्या जिवावर आमचं घर.

वस्ताद आमचा गावठी कुत्रा. रंग तांबूस, एक कान उभा, एक पडलेला. रंकाळ्याच्या कट्ट्यावर मिसळीच्या गाड्याखाली सापडला, तो माझ्यामागे चालत थेट स्कूलपर्यंत आला आणि मागच्या सीटवर जाऊन बसला. तेव्हापासून ती सीट त्याची. शिकणाऱ्यानं क्लच झटक्यात सोडला की वस्ताद नाकातून फुस्स करतो. विद्यार्थी माझ्या ओरडण्याला भीत नाहीत, त्या फुस्सला भितात. आम्हाला मूलबाळ नाही. पण म्हणून वस्ताद मला मुलासारखा आहे असं मी म्हणणार नाही. तो कुत्र्यासारखाच आहे, आणि मला तो तसाच पाहिजे.

त्या पट्ट्याचं शास्त्र मला डॉ. तनवीर मुजावरनं समजावलं. तनवीर आमच्या भागातला जनावरांचा डॉक्टर आणि माझाच विद्यार्थी. गाडी मागे घेताना अजून जीभ बाहेर काढतो. तो म्हणाला, शरीरातली प्रत्येक पेशी काहीतरी खाते आणि काहीतरी टाकते. टाकलेल्यातले हलके रेणू रक्तातून श्वासात उतरतात, कातडीवर येतात, हवेत उडतात. पेशी बिघडली की तिचं खाणं बदलतं आणि वासही बदलतो. माणसाचा कर्करोग हुंगून ओळखणारी कुत्री पूर्वीच तयार झाली होती. मग कुणीतरी उलटा विचार केला. कुत्र्याच्या नाकात वास धरून ठेवणारी जी प्रथिनं असतात, ती प्रयोगशाळेत यीस्टकडून बनवून घेतली, नखाएवढ्या चकतीवर बसवली आणि ती चकती कुत्र्याच्याच गळ्यात बांधली. इतकी वर्षं कुत्रा जगाला हुंगत होता. आता कुत्र्याला कुणीतरी अष्टौप्रहर हुंगायला लागलं. म्हणून आमच्याकडे त्या पट्ट्याला सगळे नाकपट्टा म्हणतात.

विमा देणाऱ्या कंपनीचं नाव 'प्राणकवच'. पट्टा फुकट, हप्ता वर्षाचा. पट्टा हुंगून जे सांगेल त्यावरून रोज शंभरापैकी एक आकडा फोनवर यायचा. कंपनीनं त्याला 'आरोग्य निर्देशांक' असं भारदस्त नाव दिलं होतं. पण शंभरापैकी आलेल्या आकड्याला आपल्याकडे दुसरं काय म्हणणार? आम्ही गुण म्हणायला लागलो. रंकाळ्यावर सकाळी कुत्री फिरवणाऱ्यांत रोज निकाल लागायचा. "तुमच्या शेरूला किती?" "पंच्याण्णव." "कुठली शिकवणी लावलीय हो?"

विमा परवडतो का, हा प्रश्न आमच्या घरात पहिल्याच वर्षी मिटला. वस्तादनं मांजराच्या मागं भिंतीवरून उडी मारली आणि पुढचा पाय मोडून घेतला. मी कंपनीला फोन लावला. तिकडून यंत्र बोलत होतं, अगदी गोड आवाजात.

"नमस्कार. आपण कोण बोलत आहात?"

"मी खराडे बोलतो. कुत्र्याचा पाय मोडलाय, दवाखान्यात घेऊन आलोय."

"क्षमा करा सर, विमा पद्मजा खराडे या महिलेच्या नावावर आहे. कृपया त्यांना फोन द्या."

कोल्हापुरात आम्ही बायका बोलताना 'मी आलो, मी जातो' असंच म्हणतो. लिहिताना शाळेत शिकवल्याप्रमाणे 'आले, जाते' लिहितो, ते वेगळं. पण त्या यंत्राला कोल्हापूर कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी मी घसा खाकरून, लग्नात पाहुण्यांशी बोलावं तसं म्हणाले, "मी पद्मजा बोलते आहे." जीभ वळता वळत नव्हती. तनवीर टेबलाला धरून हसत होता. पण कंपनीनं प्लास्टरपासून गोळ्यांपर्यंत सगळं भरलं, आणि आमच्या ह्यांनी त्यानंतर विम्याचा विषय काढला नाही.

*

दोन-तीन वर्षांत त्या नाकपट्ट्याला अक्कल आली. लाखो कुत्र्यांचे वास आणि पुढे त्यांना झालेले आजार यंत्रानं शेजारी शेजारी ठेवून पाहिले, आणि आज काय झालंय हे सांगता सांगता उद्या काय होणार हे ते सांगायला लागलं. आम्हा सगळ्यांना केवढा आनंद झाला होता. आजार यायच्या आधीच कळणार म्हणजे आणखी काय पाहिजे?

एका सकाळी मी एका वकिलाला चढावर गाडी कशी उचलायची ते शिकवत होते. फोन वाजला. वस्तादचे गुण एकेचाळीस. आदल्या दिवशी नव्वदच्या घरात होते. मी वकिलाला हँडब्रेक लावायला सांगितला आणि तिथंच कंपनीला फोन केला.

"तुमच्या वस्तादला सध्या कोणताही आजार नाही," यंत्र म्हणालं.

"मग गुण का कापले?"

"येत्या काही महिन्यांत त्याच्या प्लीहेत घातक गाठ होण्याची दाट शक्यता आहे."

मी आरशात पाहिलं. मागे वस्ताद खिडकीबाहेर जीभ काढून वारा खात होता.

"बरं," मी म्हटलं, "मग ऑपरेशनचे तुम्ही देणार न्हवं?"

"क्षमा करा. विमा नव्या आजारांसाठी असतो. हा आजार आम्हाला आधीच माहीत असल्यामुळे तो आधीपासूनचा आजार ठरतो."

"अहो, पण अजून झालाच न्हाई म्हणता की!"

"बरोबर आहे. अजून झालेला नाही. परंतु आधीपासूनचा आहे."

वकीलसाहेबांनी तोंडाला रुमाल लावला. मला मात्र हसू येत नव्हतं. पुढच्या वाक्यात यंत्रानं सांगितलं की विमा या महिनाअखेरीस संपेल, त्याचं नूतनीकरण होणार नाही आणि तेव्हाच पट्टाही बंद पडेल. वर, आपला दिवस शुभ जावो.

*

तनवीरनं वस्तादच्या पोटावरून सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं, परत फिरवलं आणि पडद्यावर एका जागी बोट ठेवलं. मला तिथं काही दिसेना.

"मलाबी नीट दिसत न्हाई मॅडम," तो म्हणाला. "पुसट ठिपका हाय. एरवी मी सोडून दिला असता. वास आधी येतो, सावली मागनं पडती."

मग त्यानं मला समजावलं. प्लीहा म्हणजे पाणथरी. रक्तानं भरलेला अवयव. तिथली गाठ कुत्र्याला काही कळू देत नाही. तो खातो, खेळतो, शेपूट हलवतो, आणि एक दिवस गाठ फुटते. मग पोटात रक्त साचतं आणि डॉक्टरच्या हातात काही राहत नाही. पण आत्ता, एवढीशी असताना, सगळी प्लीहाच काढून टाकली तर? कुत्रा प्लीहेशिवाय मजेत जगतो. ऑपरेशन मिरजेला होईल, तिथं मोठं यंत्र आहे आणि चांगल्या सर्जन आहेत.

"आणि खर्च?"

त्यानं सांगितला. माझी शिकाऊ गाडी विकली तर निघाला असता. पण मग शिकवायचं कशात?

"फुटल्यावर याच्या तिप्पट लागतो, आणि कुत्रा जातोच," तनवीर म्हणाला. "मॅडम, या महिन्यात तुमच्यासारखे किती आले म्हणून सांगू. सगळे कमी गुणवाले, सगळ्यांचा विमा काढून घेतलेला. आणि गंमत बघा, चांगल्या गुणांचेबी विमा सोडायलाईत. म्हणत्यात, आमच्या कुत्र्याला काय होणारच न्हाई, तर हप्ता कशाला भरू?"

घरी येताना मी त्यावरच विचार करत होते. समजा शंभर गाड्या घाटातून उतरतायत आणि कुणाचा ब्रेक जाणार हे कुणालाच ठाऊक नाही. मग सगळेजण थोडेथोडे पैसे बाजूला काढतात आणि ज्याचा जाईल त्याला देतात. याचं नाव विमा. सगळ्यांना सारखं अज्ञान, हाच त्याचा पाया. आता घाटाच्या तोंडाशी एक माणूस उभा केला आणि त्यानं बोट दाखवून सांगितलं की ब्रेक या गाडीचा जाणार, तर नव्व्याण्णव जण पैसे द्यायचे थांबतात आणि शंभराव्याला कुणी दारात उभं करत नाही. कुणी लबाडी केलेली नसते. फक्त सगळ्यांना कळलेलं असतं. एवढं मोठं शास्त्र माणसानं शोधलं, आणि त्यानं वस्तादला वाचवायच्या ऐवजी रस्त्यावर आणलं. मला संताप आला. गाडी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर घेताना मीच क्लच झटक्यात सोडला, आणि मागून फुस्स ऐकू आलं.

*

आमच्या पेठेत बायकांची भिशी आहे. दर महिन्याला सगळ्याजणी ठरलेले पैसे घालतात, चिठ्ठी काढतात, आणि जिचा नंबर लागेल ती सगळी रक्कम उचलते. पुढेही ती भरत राहते, सगळ्यांचे नंबर संपेपर्यंत. भिशी चालवते माझी थोरली जाऊ, सुमनआक्का.

आक्काचं आणि माझं कधी जमलं नाही. लग्नानंतर मी गाडी शिकवायला लागले तेव्हा ती चारचौघीत म्हणाली होती, "खराड्यांची सून, क्लच-ब्रेक करत फिरती." मी ते विसरले नव्हते, आणि मी विसरले नाही हे तीही विसरली नव्हती. भिशीला मी तिच्या घरी जायची, भडंग खायची, यायची. पण तिच्याकडे वाटीभर साखरसुद्धा मी कधी मागितली नव्हती.

त्या महिन्याला चिठ्ठी निघाली ती आक्काचीच. "आता पाटल्या करायच्या, आक्का!" असा गलका झाला. आक्काचा रोमिओ, तो नाकाऐवजी सुरकुत्या असलेला पग, मांडीवर झोपून घोरत होता. त्याला अठ्ठ्याण्णव गुण होते आणि आक्का ते कुणी न विचारताच सांगायची.

भिशीत एक जुनी रीत आहे. फारच अडचण असली तर ज्या बाईची चिठ्ठी निघाली तिच्याकडे नंबर मागता येतो. पण मागणं सोपं नसतं. सगळ्यांसमोर मागावा लागतो.

मी उठून उभी राहिले. "आक्का, नंबर मला दे."

आक्कानं भडंगाची वाटी खाली ठेवली.

"तुला?" आक्का म्हणाली. "कशाला?"

"वस्तादच्या ऑपरेशनला."

"कुत्र्याच्या? विमा हाय की तुझा. सगळ्यांना सांगत फिरत होतीस."

मी सगळं सांगितलं. 'अजून झालेला नाही परंतु आधीपासूनचा आहे' यावर सगळ्या हसल्या. तिवलेबाईंनी आपल्या शेरूच्या मानेवर हात ठेवला. शेरू म्हणजे तो पंच्याण्णव गुणांचा जर्मन शेफर्ड. भिशीला नेहमी येतो आणि भडंगातले शेंगदाणे वेचून खातो.

"वाईट झालं बघ पद्मजा," तिवलेबाई म्हणाल्या. "पण मी तर हप्ता बंदच करणार. चांगल्या कुत्र्याला विमा कशाला?"

"बाई, शेरूचे पंच्याण्णव किती दिवस राहणार?"

"म्हणजे?"

"म्हातारा व्हायचा न्हाई काय तो?"

तिवलेबाईंनी शेरूकडे बघितलं. मी मात्र बोलत सुटले. मला तोवर माहीतच नव्हतं की मी काय बोलणार आहे. तोंडातून निघत गेलं आणि निघता निघता मलाच उमगत गेलं.

"कंपनी काय बघती? कुणाला होणार ते बघती. ज्याला होणार त्याला काढून टाकती. आपल्याला ते बघायचंच न्हाई. सगळ्यांच्याच कुत्र्यांना एक ना एक दिवस काहीतरी होणार. फक्त आधी कुणाचं आणि मागनं कुणाचं, एवढंच. मग भिशीत तरी दुसरं काय असतंय? नंबर सगळ्यांचाच लागतोय की! आपण चिठ्ठ्या का काढतो? आधी गरज कुणाला हे कळत न्हाई म्हणून. आता पट्टा सांगायलाय! मग चिठ्ठी पाहिजेच कशाला? कुत्र्यांची भिशी काढू. ज्याचे गुण कमी, त्याचा नंबर पहिला. आणि आधीच कळलं की खर्चबी कमी लागतोय, गाठ फुटायची वाट बघायला नको. ज्या यंत्रानं त्यांनी आपल्याला काढलं, त्याच यंत्रानं आपण नंबर लावायचा."

रोमिओ घोरतच होता. मग आक्कानं विचारलं, आणि तिनं नेमकं तेच विचारलं जे मी तिच्या जागी असते तर विचारलं असतं.

"नंबर तू उचललास, आणि कुत्रा वाचला न्हाई, तर? मग तू पुढचे हप्ते कशाला भरशील?"

वस्ताद नसलेल्या घरातून दुसऱ्यांच्या कुत्र्यांसाठी पैसे घेऊन निघायचं, हे चित्र डोळ्यांपुढे आलं.

"भरतो," मी म्हटलं. "सगळ्यांचे नंबर होईपर्यंत भरतो."

"कशावरून?"

"खराड्यांची सून हाय म्हणून."

आक्काच्या ओठांचा कोपरा हलला. "ती क्लच-ब्रेकवाली," ती म्हणाली.

"तीच."

"घे नंबर," आक्का म्हणाली. "पाटल्या काय पळून जायच्या न्हाईत. आणि त्या कुत्र्यांच्या भिशीत पहिलं नाव माझ्या रोमिओचं घाल. वर्गात एक तरी हुशार पोरगा पाहिजे."

मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. मी पडलेही. तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला आणि रोमिओ दचकून जागा झाला.

*

आक्काच्या नंबरात अर्धा खर्च निघत होता. उरलेला अर्धा नव्या भिशीतून उभा राहायला हवा होता. रविवारी सकाळी माझ्या स्कूलमध्ये जमायचं ठरलं. पेठेत बातमी पसरायला वेळ लागत नाही. रंकाळ्यावर तर दुसऱ्याच दिवशी सगळे मला 'भिशीवाल्या मॅडम' म्हणायला लागले. पट्टे बंद पडले तर काय, याची सोय तनवीरनं केली. ती चकती काही कंपनीनं शोधलेली नव्हती, वासावरून गुण काढायच्या गणितासकट विद्यापीठातली होती, आणि दवाखान्यांना विकत मिळत होती. त्यानं आपल्या दवाखान्यासाठी एक मागवली. आठवड्यातून एकदा कुत्रं आणा, हुंगून घ्या, गुण घेऊन जा.

पण शनिवारी कंपनीनं डाव टाकला. नव्वदच्या वर गुण असलेल्या प्रत्येक कुत्र्याच्या मालकाला फोन गेला: फक्त तुमच्यासाठी, निम्म्या हप्त्यात विमा, मुदत रविवार दुपारपर्यंत. बाकीच्यांना एक अक्षर नाही. मी हे शेजारच्या दुकानात ऐकलं. चांगले कुत्रे तिकडे गेले की भिशीत उरणार कोण? मी, आणि माझ्यासारखे एकेचाळीसवाले. एकमेकांना काय देणार होतो आम्ही?

रविवारी सकाळी मी स्कूल उघडलं तर आमचे हे आधीच येऊन खुर्च्या मांडत होते. मंडपवाल्याकडून आणलेल्या, लाल प्लास्टिकच्या.

"एवढ्या कशाला?" मी विचारलं. "कोण येणार हाय?"

"येतील," हे म्हणाले आणि आणखी एक ओळ मांडली. विम्यावरून मला चिडवणारा हाच माणूस. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला एकदम रडू आलं. त्यांनी मला एक खुर्ची पुसून दिली.

सुरुवातीला कुणीच आलं नाही. मग आक्का आली, रोमिओला काखोटीला मारून. तिनं त्याच्या गळ्यातला अठ्ठ्याण्णव गुणांचा नाकपट्टा काढून टेबलावर ठेवला. "हे परत पाठवायचं ते पाठव," ती म्हणाली आणि पहिल्या रांगेत बसली. तिच्या मागोमाग भिशीतल्या दोघी आल्या. रंकाळ्यावरचे एक निवृत्त फौजदार आले, त्यांची म्हातारी कुत्री त्यांच्या आधी धापा टाकत होती. तो वकील आला. त्याच्याकडे कुत्रा आहे हे मला ठाऊकच नव्हतं. खुर्च्या भरत चालल्या. तनवीर एकेकाला नाव विचारत होता आणि कुत्र्यांना बिस्किटं देत होता.

तिवलेबाई मात्र दिसेनात. शेरूसारखी तगडी, चांगल्या गुणांची कुत्री ज्यांच्याकडे होती, ती माणसं त्यांच्याकडेच बघून ठरवणार होती. दारातून डोकावून दोघेतिघे विचारून गेले, "तिवलेबाई आल्या काय?" मी नाही म्हटलं की ते 'येतो जरा' म्हणून निघून जायचे.

दुपार व्हायला आली तेव्हा त्या आल्या. शेरू पुढे, त्या मागे, चेहरा रागानं लाल.

"सकाळपासून त्या यंत्राशी भांडालोय," त्या दारातूनच म्हणाल्या. "निम्म्यात देतो म्हणाले. मी विचारलं, देताय ते खरं, पण शेरूचे गुण उद्या पन्नासवर आले की काय करणार? तर म्हणे, त्यावेळच्या धोरणानुसार. मी म्हटलं, धोरण नको, व्हय का न्हाई सांग. तर म्हणे, आपला दिवस शुभ जावो." त्यांनी पदराआडची पैशांची पिशवी टेबलावर आपटली. "माझं आणि माझ्या बहिणीचं. आता मिरजेला फोन लाव."

बाहेर उभे असलेले लोक त्यांच्यामागून आत शिरले. खुर्च्या पुरल्या नाहीत. तनवीरनं तिथूनच मिरजेला फोन लावला, आणि मी वस्तादच्या मानेत तोंड खुपसलं. त्याला काही कळत नव्हतं. बिस्किटं कुठं ठेवली आहेत एवढंच त्याला कळत होतं.

*

मिरजेला मी स्वतः गाडी चालवत नेली. मागे वस्ताद, त्याच्या शेजारी हे, आणि पुढे माझ्या शेजारी, शिकवताना एरवी मी बसते त्या सीटवर, तिथल्या ब्रेकवर पाय ठेवून, सुमनआक्का. अर्ध्या वाटेत तिनं दोनदा ब्रेक दाबला.

"आक्का, पाय काढ."

"तू लै जोरात चालवतीस."

"मी हे शिकवतो, आक्का."

"तेच म्हणतो मी," ती म्हणाली, पण पाय काढला.

ऑपरेशन चालू असताना मी एका जागी बसू शकले नाही. मनात येईल ते सगळे देव झाले. उपाशीपोटी त्याला भूल देऊन झोपवलं तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलं होतं, तेवढंच सारखं आठवत होतं. शेवटी सर्जनबाई हातमोजे काढत बाहेर आल्या. त्यांच्या मागून एक मदतनीस छोटी काचेची वाटी घेऊन आला. आत हरभऱ्याच्या डाळीएवढं काहीतरी काळपट होतं.

"हीच ती," बाई म्हणाल्या. "कुठेही पसरलेली नाही. मी इतकी लहान गाठ आजवर जिवंत कुत्र्यात पाहिलेली नाही, कारण इतक्या लवकर कुणी आणतच नाही. प्लीहा पूर्ण काढली आहे. तुमचा कुत्रा वाचला, ताई."

मी रडले. मोठ्यानं, लाज न बाळगता, हॉस्पिटलच्या बोळात. आक्का मला धरून उभी होती आणि तीही रडत होती. आमचे हे तोंड फिरवून भिंतीवरचा जंतांच्या औषधाचा तक्ता वाचत होते, आणि त्यांचे खांदे हलत होते.

*

टाके निघाले, केस परत आले, आणि वस्ताद आपल्या सीटवर परत आला. पहिल्याच दिवशी त्यानं एका प्राध्यापकाला फुस्स केलं. तनवीरच्या चकतीनं हुंगून गुण दिले: ब्याण्णव.

त्यानंतरच्या रविवारी प्राणकवचचे विभागीय व्यवस्थापक पुण्याहून आले. आठल्ये म्हणून होते. वागायला अतिशय सभ्य, हातात पेढ्यांचा पुडा. भिशीत तोवर पेठेबाहेरचे लोकही आले होते, आणि शहरात प्राणकवचकडे नूतनीकरणाला कुणी उरलं नव्हतं. त्यांनी वस्तादच्या डोक्यावरून हात फिरवला.

"खराडेताई, तुमचं मनापासून अभिनंदन," ते म्हणाले. "वस्तादला आता आम्ही सर्वांत कमी हप्त्यात पूर्ण संरक्षण देऊ शकतो. आणि तुमच्या गटातल्या सगळ्याच चांगल्या कुत्र्यांसाठी आम्ही एकत्र योजना करू. तुम्ही फक्त यादी द्या."

"यादी देतो," मी म्हटलं. "पण आधी तुमची यादी द्या."

"आमची? कसली?"

"तुम्ही ज्यांना काढून टाकलं त्यांची. चाळीसवाले, तीसवाले, सगळे. गावं आणि फोन नंबर."

आठल्ये हसले, मग मी हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. "ती माहिती गोपनीय असते. आणि तुम्हाला ती कशाला हवी? त्या कुत्र्यांवर खर्चच होणार आहे."

"म्हणूनच पाहिजे, साहेब. पुढचे नंबर त्यांचे हाईत."

आठल्यांनी पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला, उठले, आणि स्कूलचं दार उघडलं. दाराबाहेर रांग लागली होती. वाशी नाक्यापासूनची, उचगावची, कागलची माणसं होती. कुणाच्या हातात साखळी, कुणाच्या काखेत दुपट्यात गुंडाळलेलं कुत्रं. बऱ्याच गळ्यांतले नाकपट्टे बंद पडलेले होते आणि त्यांच्यावर आठल्यांच्याच कंपनीचं नाव होतं. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांना फक्त कळलं होतं.

आठल्ये बाजूला होऊन भिंतीला टेकले. त्यांच्या अंगावरून वस्ताद धावत बाहेर गेला आणि रांगेतल्या प्रत्येकाला हुंगू लागला. पायरीवर सुमनआक्का उभी होती, एका हातात रोमिओ, दुसरा हात वर केलेला. तिचा आवाज पार मिरजकर तिकटीच्या चौकापर्यंत गेला असेल.

"ढकलाढकली करू नका! नव्वदच्या वरचे मागं थांबा, तुम्हाला घाई न्हाई! कमी गुणवाले पुढं या!"